‘अख्रिस्ती’ : माणसाचे नाव की वर्तनाचे?

इंग्रजीतील ‘अनख्रिश्चन’ या विशेषणाला मराठीत प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न भाषांतर करणाऱ्याला पडला, तर कोशाकडे हात न नेताच ‘अख्रिस्ती’ असे उत्तर तोंडी येते. परंतु हे उत्तर दिसते तितके निर्वेध नाही. इंग्रजी शब्द वर्तनाचा निषेध करतो. ख्रिस्ताच्या शिकवणुकीला न शोभणारे, दयाहीन, अनुदार असे जे काही असेल त्याला तो लावला जातो. बोलीच्या ओघात तर भल्या पहाटे कोणी दार ठोठावले, तर त्या अवेळी वेळेलाही इंग्रज गृहस्थ हेच विशेषण बहाल करतो. मराठीतील ‘अख्रिस्ती’ मात्र बहुतेक वेळा जो ख्रिस्ती नाही अशा माणसाकडे बोट दाखवतो. एकाच शब्दात निषेध आणि गणना असे दोन अर्थ राहू लागले की घोटाळा व्हावयाचाच. हा घोटाळा केवळ व्याकरणाचा नाही. धर्माचे माप माणसाच्या कृतीला लावावयाचे की त्याच्या जन्माला, ताटाला आणि पेहेरावाला, हा आपल्या समाजातला जुना वाद त्यामागे उभा आहे.

‘अ’ची सहा रूपे

संस्कृत वैयाकरणांनी नकारदर्शक ‘नञ्’चे सहा अर्थ सांगितले आहेत. शाळेत समास शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ते परिचित असतील. सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध हे ते सहा अर्थ होत. ‘अब्राह्मण’ म्हणजे ब्राह्मणासारखा दिसणारा पण ब्राह्मण नसलेला. येथे सादृश्य आहे. ‘अनश्व’ म्हणजे घोड्याहून वेगळा असा कोणताही प्राणी. येथे केवळ अन्यत्व आहे, घोड्याची किंवा त्या प्राण्याची निंदा नाही. ‘अधर्म’ म्हणजे मात्र धर्माहून वेगळे काही नव्हे. धर्माच्या उलट जाणारे ते अधर्म. गाढवाला ‘अनश्व’ म्हटल्याने त्याचा अपमान होत नाही; माणसाच्या कृत्याला ‘अधर्म’ म्हटले की तिचा निवाडा झाला.

मराठीने हा ‘अ’ दोन्ही हातांनी वापरला आहे. ‘अमराठी’, ‘अहिंदू’ या शब्दांत तो अन्यत्वाचा आहे, तर ‘अन्याय’, ‘अनीती’, ‘अमानुष’ या शब्दांत विरोधाचा. अमराठी माणूस मराठीचा वैरी असतो असे कोणी समजत नाही. अमानुष माणूस मात्र माणुसकीचा वैरीच असतो. मग ‘अख्रिस्ती’ कोणत्या पंक्तीत बसवावयाचा? ‘अमराठी’च्या की ‘अमानुष’च्या? इंग्रजी शब्द दुसऱ्या पंक्तीतला आहे, आपण वापरतो तो पहिल्या पंक्तीत, आणि दोन्ही पंक्तींचे ताट एकच असल्यामुळे शेजारच्या निरुपद्रवी माणसाच्या पानात निषेधाचे वाढप पडण्याची भीती राहते.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात अशीच एक अडचण पूर्वी येऊन गेली आहे आणि तिच्यातून आपण वाटही काढली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जी मोठी सामाजिक चळवळ उभी राहिली तिने ‘अब्राह्मण’ असे नाव न घेता ‘ब्राह्मणेतर’ असे घेतले. माणसांचा समूह सांगावयाचा तर ‘इतर’ हा सरळ शब्द पुरे, हा विवेक त्या नावात आहे. पुढे शरद पाटील यांनी १९८८ साली ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हा ‘अब्राह्मणी’ हा शब्द त्यांनी जाणीवपूर्वक योजला. तेथे माणसांची जात सांगावयाची नव्हती, विचाराची दिशा सांगावयाची होती. माणसासाठी ‘इतर’ आणि विचार-वर्तनासाठी ‘अ’, ही विभागणी आपल्या भाषेने अशा रीतीने आपणहून केलेली आहे. ख्रिस्ती धर्माच्या संदर्भात तिचाच अवलंब करण्यास कोणती हरकत आहे?

नावाची अपकीर्ती

एखाद्या पंथाचे नाव गुणवाचक किंवा दोषवाचक विशेषण होऊन बसले की काय होते, हे पाहण्यासाठी वऱ्हाडच्या माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेला लागूनच जाळीचा देव हे महानुभावांचे तीर्थस्थान आहे. जिल्ह्यातील लोणार, मेहकर ही गावे चक्रधरांच्या संचारामुळे लीळाचरित्रात आलेली आहेत. ज्या पंथाने मराठी गद्याचा पाया घातला, स्त्रीशूद्रांना ज्ञानाचे दार उघडले, त्या पंथाच्या नावावरून मराठीने कोणता शब्द घडविला? ‘मानभावी’. वरून गोड, आतून कपटी अशा वर्तनाला आपण आजही बिनदिक्कत ‘मानभावीपणा’ म्हणतो. बोलणाऱ्याच्या मनात पंथाविषयी द्वेष नसतो, कित्येकांना त्या शब्दाचे कूळही ठाऊक नसते. पण शब्दाने आपले काम केलेले असते.

‘पाखंड’ शब्दाचेही असेच झाले. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ हा शब्द कोणत्याही पंथासाठी आला आहे. त्यात निंदेचा गंध नाही. उलट आपल्या पंथाप्रमाणे इतरांच्या पंथाचाही मान राखावा, असा त्या लेखाचा आशय आहे. पुढे प्रत्येक पंथाने आपल्याखेरीज इतरांना तो शब्द लावण्यास आरंभ केला आणि अखेरीस त्याचा अर्थ ‘ढोंग’ एवढाच उरला. मराठीतून ख्रिस्ती धर्मशास्त्र लिहिणाऱ्यांनीही सिद्धान्ताविरुद्ध मतासाठी याच शब्दाचा आश्रय घेतला.

‘ख्रिस्ती’ हे नावदेखील मूळचे स्वतः घेतलेले नव्हे. अंत्युखिया नगरात येशूच्या शिष्यांना प्रथम या नावाने ओळखू लागले, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. संपूर्ण नव्या करारात हा शब्द अवघा तीन वेळा येतो. पाश्चात्त्य देशांत समाज आणि धर्म एकजीव झाल्यावर मात्र ‘ख्रिस्ती’ म्हणजे सभ्य, दयाळू, भला असा अर्थ आपोआप रूढ झाला. ओघानेच त्याच्या उलट जे ते सारे अभद्र ठरले. येथेच या शब्दाचा अहंकार आहे. भलेपणाला एका धर्माचे नाव दिले की इतर धर्मीयांचा भलेपणा अपवादात्मक ठरतो. मराठीने हा मार्ग धरला नाही. आपल्याकडे ‘शेजारधर्म’, ‘अतिथिधर्म’, ‘राजधर्म’ हे शब्द आहेत. त्यांतील धर्माला जातही नाही आणि पोथीही नाही. ‘हा काही धर्म झाला नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणत्याही पंथाचे नाव न घेता वर्तनाचा निषेध होतो.

स्वयंपाकघरातला धर्म

परंतु भाषेतील ही उदारता व्यवहारात उतरली असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मराठी-कोंकणी प्रदेशाच्या इतिहासात ख्रिस्ती वर्तन कोणते आणि ख्रिस्तविरोधी कोणते, याचा निर्णय अनेकदा चुलीपाशी झालेला आढळतो.

गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन होते. १७७४ ते १७७८ एवढा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. या न्यायासनाने १७३६ साली जो जाहीरनामा काढला त्याचा वृत्तान्त अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ सालच्या इंग्रजी ग्रंथात दिला आहे. बाटलेल्या कुटुंबांत कोणते आचार चालू राहिले तर ते धर्मविरोधी मानावयाचे, याची ती यादी आहे. भात शिजवताना मीठ न घालणे, पुरुषांनी धोतर नेसणे, स्त्रियांनी चोळी घालणे, दारी तुळस लावणे, अशा गोष्टींना तीत मनाई आहे. शेजाऱ्याला लुबाडणे, कुळाला नागवणे, गुलामाला छळणे हे पर्वतावरील प्रवचनाशी किती विसंगत आहे, याचा विचार ज्यांनी करावयाचा ते भातातील मिठाची चौकशी करीत बसले. ज्या भूमीत फादर स्टीफन्सने १६१६ साली ख्रिस्तपुराण रचून ख्रिस्तकथेला ओवीचा वेष चढविला, त्याच भूमीत पुढे चोळी आणि धोतर हा धर्मद्रोह ठरावा, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

तथापि केवळ पोर्तुगीजांना दोष देऊन आपली सुटका होत नाही. वसई प्रांतात विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याची आख्यायिका आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ती खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ते पाणी प्यालेल्या माणसाला ‘तू आता आमचा नाहीस’ असे सांगणारे कोण होते? पाव टाकणाऱ्याला जो धर्म समजला नव्हता, तो पाणी पिणाऱ्याला वाळीत टाकणाऱ्यांना तरी कोठे समजला होता? ‘बाटणे’ हा शब्दच विटाळाचा आहे. धर्मांतर म्हणजे बुद्धीने केलेली निवड नव्हे, तर भांड्याला लागलेला विटाळ होय, असे तो शब्द सांगतो.

मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे त्यांनीच आपल्या बुलढाण्याला लागून असलेल्या जालन्याच्या परिसरात बेथेल ही वसाहत वसविली. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हा मिशनच्या घरी राहिला, तेथे जेवला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. परंतु पुढचा प्रश्न न्यायालयाचा नव्हता. ख्रिस्ती घरचे अन्न पोटात गेलेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताने त्याला परत घेण्याचा पुरस्कार केला, त्याबद्दल सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. मुलाच्या मनात काय होते हे विचारण्याची गरज फार थोड्यांना वाटली. त्याच्या पानात काय होते एवढेच बहुतेकांनी विचारले.

त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. पुढे चहा आणि बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे प्रसिद्ध केली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. एका पेल्याने देशातील थोर विद्वानांचा धर्म संकटात येतो, तेव्हा गोव्यातील मिठाच्या चौकशीला हसण्याचा अधिकार आपण गमावलेला असतो.

रमाबाईंचा प्रश्न

या साऱ्या गोंधळात एका व्यक्तीने हा प्रश्न मुळापासून उकलला, त्या म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी शाकाहार सोडला नाही. अंडे घातलेले पक्वान्न त्या खाईनात. क्रूसावरची अक्षरे लॅटिनच का असावीत, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीच्या शंका त्यांनी लपविल्या नाहीत. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना यात जुन्या जातीचा अभिमान दिसला, अहंकार दिसला. दोघींचा आणि इतर धर्माधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ साली प्रसिद्ध केला. तो ज्यांनी वाचला असेल त्यांना रमाबाईंच्या उत्तरातील तेज जाणवल्यावाचून राहिले नसेल. एखादी इंग्रज स्त्री हिंदुस्थानात येऊन आपली रीतभात न बदलता राहिली, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

येथे ‘अख्रिस्ती’ या शब्दाचा खरा कस लागतो. सिस्टरांच्या दृष्टीने इंग्रजी जेवणाला नाही म्हणणे हे नव्या धर्माला पुरतेपणी न स्वीकारण्याचे लक्षण होते. रमाबाईंच्या दृष्टीने ख्रिस्ताचा आणि इंग्लंडच्या मुदपाकखान्याचा काही संबंध नव्हता. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली आणि विधवा उचलून आणल्या आणि त्यांना आसरा दिला. केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. बायबलचे त्यांनी केलेले मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्ण प्रसिद्ध झाले. त्या अंडे खात होत्या की नाही, हा प्रश्न आज कोणाला महत्त्वाचा वाटेल?

नारायण वामन टिळकांची वाटही याच दिशेने गेली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग आणि कीर्तन सोडले नाही, आणि १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. मिशनच्या चौकटीबाहेर पडणे म्हणजे ख्रिस्ताबाहेर पडणे नव्हे, असा त्यांचा विश्वास होता. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना सोवळ्याओवळ्याची गाठ माणुसकीपुढे हळूहळू कशी सुटते हे वेगळे सांगावयास नको.

निषेधाचा अधिकार कोणाला?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ख्रिस्तविरोधी वर्तन ते कोणते? याचे उत्तर खुद्द शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आहे. वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाला टाळून याजक गेला, लेवी गेला; हे दोघेही धर्माचे अधिकारी. थांबला तो शोमरोनी, म्हणजे ज्याला ते लोक आपल्यातला मानीत नव्हते असा. गणनेच्या दृष्टीने तो बाहेरचा आणि वर्तनाच्या दृष्टीने तोच आतला. या कथेपुढे ‘अख्रिस्ती’ शब्दाचे दोन अर्थ एकमेकांविरुद्ध उभे राहतात. ख्रिस्ती नसलेल्या माणसाचे वर्तन ख्रिस्ताला मान्य असू शकते आणि ख्रिस्ती माणसाचे वर्तन अख्रिस्ती असू शकते.

आणि ते तसे असते, हे सांगण्याचे धैर्यही आतल्याच माणसांनी दाखविले आहे. अमेरिकेत गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ सालच्या आपल्या आत्मकथनाला जोडलेल्या पुरवणीत, गुलाम बाळगणाऱ्या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे असे बजावले. ज्योतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. त्यांनी माप लावले ते कृतीचे.

आपल्याकडे या मापाची सर्वांत अवघड कसोटी जातीपाशी आहे. धर्म बदलूनही चर्चमध्ये जात टिकून राहते, हा आक्षेप डॉ. आंबेडकरांनी भारतीय ख्रिस्ती समाजाविषयी स्पष्ट शब्दांत मांडला होता. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनने अकोल्यापासून कामास आरंभ केला. खामगाव, मलकापूर, बुलढाणा येथेही त्याची ठाणी झाली. अशा ठिकाणी जे ख्रिस्ती झाले त्यांत गावकुसाबाहेरची माणसे होती. त्यांना ‘पोटासाठी बाटलेले’ म्हणून हिणविणे सोपे होते. छप्पनच्या दुष्काळात, १८९९-१९०० साली, त्यांच्या पोटाची चिंता गावाने किती वाहिली, हा प्रश्न मात्र गैरसोयीचा होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित झाला; १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो लागू झाला, ख्रिस्ती झालेल्यांना अद्याप नाही. म्हणजे बाप्तिस्म्याबरोबर जात जाते असे कागद मानतो. गाव मानत नाही. आणि चर्चमध्येही ती शिल्लक असेल, तर मिठाच्या भाताऐवजी तिला ‘अख्रिस्ती’ म्हणावयास हवे होते.

तेव्हा शिक्षकांनी, भाषांतरकारांनी आणि कचेरीतील मसुदे लिहिणाऱ्यांनी एवढा विवेक बाळगावा. माणसांविषयी लिहावयाचे असेल तर ‘ख्रिस्तीतर’ म्हणावे. रूढ ‘ख्रिस्तेतर’ हा शब्द संधीच्या दृष्टीने ख्रिस्ताहून इतर असा होतो. अभिप्रेत असते ते ख्रिस्ती लोकांहून इतर. सिद्धान्ताविरुद्ध मत सांगावयाचे असेल तर ‘मतभेद’ पुरेसा आहे, ‘पाखंड’ इतिहासाच्या पुस्तकांत राहू द्यावा. ‘बाटगा’ हा शब्द तर कोणाच्याच तोंडी शोभत नाही. आणि ‘अख्रिस्ती’ हा शब्द केवळ वर्तनासाठी, म्हणजे ख्रिस्ताचे नाव घेऊन त्याच्या शिकवणुकीविरुद्ध केलेल्या कृत्यासाठी राखून ठेवावा.

यावर एक आक्षेप येईल. असा शब्द ख्रिस्तीतर माणसाने ख्रिस्ती माणसाविरुद्ध वापरला तर चालेल काय? व्याकरणाला त्यात अडचण नाही, औचित्याला आहे. निषेधाचे विशेषण घरातला माणूस घरासाठी वापरतो तेव्हा ते आत्मपरीक्षण असते. शेजारी ते भिंतीवरून फेकतो तेव्हा तो दगड होतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा २०१९ साली काहींनी त्यांच्या धर्माकडे बोट दाखवून विरोध केला. बायबल सुबोध मराठीत आणणारा आणि वसईच्या हिरवाईसाठी झटणारा लेखक त्यांना दिसला नाही. दिसला तो झगा. २०२० च्या जानेवारीत संमेलन झाले आणि दिब्रिटो अध्यक्षस्थानी बसले, हे मराठीला भूषणावह झाले.

प्रत्येक धर्मात असा एक शब्द असतो, जो त्या धर्माच्या माणसाने आरशासमोर उभे राहून उच्चारावयाचा असतो. वारकरी ‘वैष्णव’ कोणाला म्हणावे हे माळेवरून ठरवीत नाही, वागण्यावरून ठरवितो, निदान संतांची तशी शिकवण आहे. ‘अख्रिस्ती’ हा शब्द त्याच जातीचा आहे. तो दुसऱ्याच्या दारावर रंगविण्यासाठी वापरला की त्याचे मोल ‘मानभावी’ आणि ‘पाखंडी’ या शब्दांइतके उतरते. स्वतःच्या घरात वापरला तर भातातील मिठापेक्षा महत्त्वाच्या गोष्टींची चौकशी सुरू होते.